बाहेर ठेवलेलं रीळ

आमच्या घरात एसी आहे, पण तो माणसांसाठी नाही. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात ऊन कसं असतं ते मी वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत आम्ही दोघं गच्चीवर ओल्या चादरी अंगावर ओढून पडतो आणि खाली मधल्या खोलीत, दारं-खिडक्या लावून घेऊन, सिनेमाची रिळं गारव्यात झोपतात. ह्यांना, म्हणजे नारायणरावांना, काही बोलायला गेलं की म्हणतात, "अगं, माणूस घाम पुसतो. रिळाला पुसता येत नाही." मला सगळं सहन होतं असं ह्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. बाकीचे मास्तर निवृत्तीची सोय म्हणून प्लॉट घेऊन ठेवतात, ह्यांनी रिळं घेऊन ठेवली. तंबूतले सिनेमे बंद पडत गेले तसे अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पोटमाळ्यावर पत्र्याचे गोल डबे सापडत गेले, आणि एसटीच्या टपावर चढून ते आमच्या घरी आले. मधली खोली आधी मुलाची होती. अनिमेषने बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरात केला, पुण्याला गेला आणि परत राहायला म्हणून कधी आला नाही. आता दिवाळीला येतो तेव्हा हॉटेलवर उतरतो. लहान मूल घेऊन मी रिळांच्या रॅकखाली झोपणार नाही, असं सूनबाईने तोंडावर सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

बरं, सांभाळायचं म्हणजे नुसती खोली देऊन भागत नाही. ही फिल्म जुनी झाली की आंबते. खरोखर आंबते. डबा उघडला की चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा वास नाकात घुसतो. मग ती आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते. एक आंबली की शेजारचीही आंबायला लागते. म्हणून दर महिन्याला सगळे डबे उघडायचे, हुंगायचे, हवा द्यायची, फिल्म हाताने एका चकरीवरून दुसरीवर गुंडाळायची, हा आमचा कुळाचार. ह्यांचं नाक वयाने गेलं, तेव्हापासून हुंगायचं काम माझ्याकडे आलं. लोणच्याच्या बरण्या हुंगाव्यात तशी मी रिळं हुंगते, तीसुद्धा हातात सुती मोजे घालून. मोजे विसरले तर हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडतात की बोटांचं तेल लागतं, बोटांचं तेल लागतं. पोळ्या लाटताना ह्यांना माझ्या बोटांची कधी आठवण झाली नाही.

वास आलेलं रीळ लगेच खोलीबाहेर काढायचं. व्हरांड्यातल्या जाळीच्या कपाटात, बाकीच्यांपासून लांब, वारा लागेल असं ठेवायचं. "आज कोण बाहेर बसलंय?" असं मी विचारते आणि ह्यांना ते आवडत नाही.

त्या उन्हाळ्यात कपाटात तीन डबे होते, तिन्ही एकाच सिनेमाचे. त्याला नाव नव्हतं, कारण नाव असलेला सुरुवातीचा तुकडाच गहाळ होता. आम्ही त्याला विडीचा सिनेमा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी इथल्या एका यंत्रमागवाल्याला सिनेमा काढायची हौस आली. नट-नट्या परवडेनात म्हणून त्याने खऱ्याच विडी वळणाऱ्या बायका कॅमेऱ्यापुढे बसवल्या. सिनेमा पुरा झाला, पण कुठे लागला नाही. एकच प्रत निघाली होती, ती त्याच्या नातवाने जुनं घर पाडताना ह्यांना दिली. दुसरी प्रत नाही, मूळ निगेटिव्ह नाही. जे काही होतं ते आमच्या व्हरांड्यात होतं.

आणि त्या बायकांतली एक जिवंत होती. सारजाबाई. मूळच्या मंद्रूपच्या, आता कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात राहतात. ह्यांनी विचारत विचारत त्यांना शोधून काढलं तेव्हा त्या दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. ह्यांचं बोलणं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे त्यो शिनेमा हाय?" त्या म्हणाल्या. "खरंच हाय व्हय?"

त्यांनी असं का विचारलं ते नंतर कळलं. शूटिंगसाठी त्या आठ दिवस गेल्या होत्या, घरी सांगून, नवऱ्याला विचारून. पण सिनेमा आलाच नाही. तेव्हा धाकट्या दिराने उठवलं की कसला सिनेमा नि कसलं काय, ही आठ दिवस भलतीकडेच होती. नवऱ्याने ते खरं मानलं. वर्षभर त्यांना माहेरी टाकलं. पुढे परत आणलं, पण घरात भांडण झालं की ते आठ दिवस निघायचेच. नवरा गेला. दीर अजून आहे आणि आजही लग्नकार्यात चारचौघांत त्यांना 'हिरोईन' म्हणून हाक मारतो. लोक हसतात. हे सगळं सांगताना सारजाबाई रडल्या नाहीत.

"गेलेल्या मानसाला आता काय दावायचं," त्या म्हणाल्या. "पर नातीला तरी दावीन. तिच्या कानावर बी त्येच आलंय की."

त्या सिनेमात मधोमध बसल्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू लावून, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या डब्यातली फिल्म गुंडाळताना आम्ही खिडकीपाशी धरून बघितली. तीन बायका, तिघींच्या मांडीवर सूप, मधलीच्या कपाळावर मोठं कुंकू. पण आंबलेली फिल्म मशीनवर चढवली तर तुकडे पडतात. त्यामुळे पुण्याची जाणकार माणसं येऊन तिन्ही डबे नेणार, तिथे एकेक चित्र उतरवून घेणार आणि मग ते सारजाबाईंना आणि त्यांच्या घरच्यांना पडद्यावर दाखवायचं, असं ठरलं. पुण्याची माणसं सोमवारी येणार होती.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ह्यांचा सत्कार होता.

सत्काराचं खूळ दिग्विजयचं. हा ह्यांचा विद्यार्थी, मूळ अकलूजचा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो. मंडप, साउंड, फ्लेक्स असा त्याचा धंदा. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात आहे, म्हणून तो दिसेल त्याचा सत्कार करत सुटलाय. पोरगा वाईट नाही. सिलिंडर चढवायला, मोटार दुरुस्त करायला हाक मारली की धावत येतो. त्याने ह्यांना विचारलं, "सर, स्टेजवर मांडायला चार डबे द्या की. जरा वातावरण येतंय." हे म्हणाले, रिकामे डबे जिन्याखाली आहेत ते ने, आतल्या खोलीत जाऊ नकोस. शनिवारी आम्ही सारजाबाईंना आमंत्रण द्यायला कुंभारीला निघालो आणि घराची किल्ली दिग्विजयकडे ठेवली.

परत आलो तर नळाला पाणी आलेलं. चार दिवसांनी पाणी आल्यावर बाई व्हरांड्यातलं कपाट बघत बसत नाही, हे सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही पटेल.

रविवारी सकाळी हॉलवर गेलो. दारात नऊवारी नेसवलेल्या मुली उभ्या होत्या. एकीने गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने माझ्या पदराला बिल्ला टोचला. रेशमी रिबिनीचं फूल, खाली सोनेरी अक्षरांत दिग्विजयच्या मंचाचं नाव. फुलाच्या मधोमध काय होतं ते मी पाहिलं नाही. मला आधी वास आला.

मी दारातच थांबले. मागची बाई माझ्यावर आदळली. कोणीतरी म्हणालं, जेवणात चायनीज ठेवलेलं दिसतंय. मी बिल्ला उपसून नाकाशी धरला. रिबिनीच्या मधोमध फिल्मचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता, चार चित्रांचा, कडा कात्रीने छान कापलेल्या. वास कुठल्या डब्याचा हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती.

मग मी मान वर करून हॉल बघितला. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या छातीवर तेच फूल होतं. वकिलांच्या, मास्तरांच्या, बँकेतल्या साहेबांच्या, त्यांच्या नटूनथटून आलेल्या बायकांच्या. पहिल्या रांगेत सारजाबाई हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या, शेजारी त्यांची नात पायल. त्यांच्याही पदराला तोच बिल्ला. त्या अधूनमधून तो हाताने सारखा करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिग्विजय स्टेजच्या बाजूला सदरा-जॅकेट घालून फोनवर बोलत होता. मी त्याच्या हातातला फोन खाली केला.

"हे कुठून आणलंस?"

"काकू, भारी झालंय का न्हाय? आयडिया माझीच हाय. सरांचं काम प्रत्येकाच्या काळजाशी, असं निवेदनात पण टाकलंय."

"कुठून आणलंस ते विचारतेय."

"तुमच्याच घरातनं की. व्हरांड्यातनं." त्याने आवाज खाली आणला. "काकू, शप्पथ, आतल्या खोलीत मी पाऊल बी टाकलं न्हाय. चांगला माल सर एसीत ठेवत्यात, मला म्हाईत हाय की. ह्ये बाहेर जाळीत पडलेलं. वास मारत होतं. टाकायचंच असंल म्हणून आणलं."

त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. चोर असता तर शिव्या घातल्या असत्या. ह्याला काय म्हणायचं? कुठल्याही घरात बाहेर काढून ठेवलेलं ते नकोसं, जपायचं ते आत. त्याने तेच धरलं. आमच्याच घरात सगळं उलटं. आजारी पडलं म्हणून बाहेर ठेवलेलं, आणि सगळ्यात आधी वाचवायचं म्हणून दाराजवळ ठेवलेलं.

"किती कापलंस?"

"एकच डबा, काकू. तिसरा. बाकीचे दोन गाडीत तसेच हायत. पोरं कालपासनं स्टेपलर घेऊन बसली होती." मग त्याला माझा चेहरा नीट दिसला असावा. "का हो? काय झालं?"

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. प्रमुख पाहुण्यांना हार घातला जात होता. पाहुणे म्हणजे मोठे पुढारी, तीन कार्यक्रम उरकून चौथ्याला आलेले. आणि त्यांच्या गळ्यात पडला तो फुलांचा हार नव्हता. फिल्मच्या घड्या घालून, घडीघडीला पिन मारून, भरगच्च हार केला होता, खाली एक झेंडूचा गोंडा. कापायला जिवावर आलेला सलग लांब तुकडा त्या पोरांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता.

ह्यांना फेटा बांधून पाहुण्यांच्या शेजारी बसवलं होतं. मी स्टेजच्या पायऱ्या चढून गेले. निवेदिकेला वाटलं, ओटी भरायला मला कोणीतरी लवकर बोलावलं. मी ह्यांच्या कानाशी वाकले.

"त्यांच्या गळ्यात विडीचा सिनेमा आहे," मी म्हटलं. "तिसरा डबा. बाकीचा लोकांच्या छातीवर आहे."

ह्यांनी हात लांब करून हाराला बोट लावलं. उघडं बोट. दोन-तीन घड्या उलटून बघितल्या. पाहुणे हसून म्हणाले, "काय सर, आवडला का?" ह्यांनी हॉलकडे पाहिलं, भरलेल्या खुर्च्यांकडे, कॅमेऱ्यांकडे. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "जाऊ दे, मालती. आता कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग बघू."

आयुष्यभर मला रिळाला एक उघडं बोट लावू दिलं नाही. मुलाची खोली गेली, मुलगा लांब गेला, उन्हाळे गेले, सणवार त्या वासात गेले, आणि तेव्हा एकदाही ह्यांच्या तोंडून जाऊ दे निघालं नाही. आज चार शाली आणि एक पुढारी समोर आले, तर जाऊ दे. लग्न झाल्यापासून ह्यांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. मला रिळं आवडत नाहीत. तेव्हाही आवडत नव्हती, आजही नाहीत. पण ते रीळ ह्यांचं नव्हतंच. ते ज्यांचं होतं त्या खाली पहिल्या रांगेत बसून आमच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

मी निवेदिकेच्या हातातून माइक घेतला.

"ज्यांचा सत्कार आहे त्यांची मी बायको," मी म्हटलं. "तुमच्या छातीवरच्या फुलात जो तुकडा आहे तो एका सिनेमाचा आहे. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. तो चुकून कापला गेला आहे. उद्या तो पुण्याला जायचा होता. या पहिल्या रांगेत बसलेल्या सारजाबाई त्यात आहेत. त्यांनी तो अजून पाहिलेला नाही. त्या सिनेमात होत्या की नव्हत्या यावरून त्यांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. सगळ्यांनी आपापले बिल्ले काढा. ओढू नका, वाकवू नका, कडेला धरा. मी ताट घेऊन येते."

मागून टाळ्या आल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. मग टाळ्या थांबल्या आणि कोणालाच काय करावं कळेना. पाहुण्यांनी हसत माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, आमचा हारही परत घेताय की काय?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. त्यांनी हार डोक्यावरून काढला आणि सवयीने मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिला. त्या माणसानेही सवयीने तो चुरगाळून खुर्चीमागे टाकायला हात नेला. मी तो त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. दोन मिनिटांत पाहुण्यांना पाचवा कार्यक्रम आठवला, आणि त्यांच्यामागे अर्धी माणसं पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाली, बिल्ल्यांसकट. मी माइकवरून तीनदा ओरडले. त्यांतले थोडेच परतले.

तेव्हा कुठे हे उठले. फेटा काढून खुर्चीवर ठेवला, ओवाळणीचं ताट उचललं, त्यातलं कुंकू-तांदूळ रुमालात ओतून ते पुसलं आणि शेवटच्या रांगेपासून एकेकापुढे धरत निघाले. लोक मान खाली घालून बिल्ले टाकत होते. एक बाई म्हणाली, आठवण म्हणून ठेवला असता हो. ह्यांनी ताट तिच्यापुढून हलवलं नाही. बिल्ला दिल्यावरच पुढे गेले.

मी हार घेऊन खाली आले. सारजाबाईंनी स्वतःचा बिल्ला आधीच काढून तळहातावर ठेवला होता.

"ह्यात मी हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. बिल्ल्यात नुसती भिंत होती. "बाहेर चला. उजेड पाहिजे."

हॉलच्या बाजूच्या ओट्यावर लख्ख ऊन होतं. आम्ही हार आडवा धरला, एक टोक पायलच्या हातात, एक माझ्या. मी घडी घडी उलगडत बघत गेले. यंत्रमाग, गल्ली, सायकलवरचा माणूस, मग तीन बायका. मी तिथे थांबले. सारजाबाईंनी डोळे बारीक केले, पण त्यांना दिसेना. पायलने फोन जवळ नेऊन फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि आजीपुढे धरला.

मांडीवर सूप. मोठं कुंकू. वीस-एकवीस वर्षांची बाई मान वर करून सरळ समोर बघत होती. आणि तिच्या गालातून, ओठाच्या अगदी कडेला, स्टेपलरची पिन आरपार गेली होती. पुढच्या घडीतही तसंच. त्याच्या पुढच्या घडीत पिन डोळ्यात होती.

पायल म्हणाली, "आज्जी, तूच की गं."

"मीच," सारजाबाई म्हणाल्या. "मग कोन आसनार? मी काय खोटं बोलत हुते?" त्यांचा आवाज चढला. तो आवाज पायलसाठी नव्हता. "आठ दिस हितंच हुते मी. बग. हितं सूप घिऊन बसलीया. धाकल्या आज्ज्याला तुझ्या आत्ताच्या आत्ता धाड ह्ये. म्हनावं, डोळं फाडून बग."

पायलने तो फोटो तिथल्या तिथे पाठवला.

दिग्विजय आमच्या मागे येऊन उभा होता. हातात ह्यांना घालायची ठेवलेली शाल तशीच होती. त्याला जे येतं तेच तो बोलला.

"आज्जी, चुकलं माझं. तुमचा बी सत्कार करू. आत्ताच करू की, शाल हाय हितं. आत चला, स्टेजवर बसा."

सारजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मी ती नजर पाहिली आहे. मला वाटलं होतं की त्या दिवशी तिथे सगळ्यात रागावलेली बाई मी आहे.

"माज्या तोंडातल्या पिना काड आदी," त्या म्हणाल्या.

दिग्विजय शाल खांद्यावर टाकून त्यांच्या पायाशी ओट्यावर बसला. हार मांडीवर घेतला आणि पहिली पिन नखाने उचकटायला लागला. फिल्म ठिसूळ झालेली. पिन निघाली, पण कडकन आवाज होऊन कडेचा टवका उडाला. तो घाबरून थांबला आणि वर बघायला लागला.

"हळू काड," सारजाबाई म्हणाल्या. "ती मी हाय."